सूनबाईची काच

५ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलंबिलं नाही. उलट बातमी चांगली आहे. आमच्या सूनबाईंना पुन्हा दिवस गेलेत, चौदावा आठवडा चालू आहे. मागच्या खेपेला सहाव्या महिन्यात पाणी गेलं आणि सगळं संपलं, तेव्हा जो तो म्हणाला नशीब. मी नशीब मानत नाही. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं, हेड सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आणि माझ्या पाळीतल्या एकाही जखमेत पू झाला नाही. नशीब वगैरे काही नसतं बाई. स्वच्छता असते, नाहीतर घाण असते.

घाण कुठून आली तेही मला ठाऊक आहे. तिच्या माहेरी सात माणसांत एक न्हाणीघर. लग्नाआधी छापखान्यात मुद्रितं तपासत होती, अजूनही अर्धा दिवस जाते. दिवसभर एका लाकडी खुर्चीवर बूड टेकून बसायचं आणि शाईच्या हातांनी डबा खायचा. दिसायला मोठी नीटनेटकी, पण वरून कीर्तन आणि आतून तमाशा. या खेपेला मी सगळं माझ्या हातात घेतलं आहे. तिसरा महिना लागल्यापासून रोज सकाळी सहाला मी स्वतः तिला आतून धुऊन काढते. खुंटीला डबा, डब्याला नळी, आणि डब्यात उकळून कोमट केलेल्या पाण्यात आमचं थिएटरचं जंतुनाशक. पहिल्या दिवशी आग होते म्हणून कुरकुरली. मी म्हटलं, आग होते म्हणजे औषध कामाला लागलंय. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

चिरंजीव पुलाच्या कामावर आहेत, महिन्यातून दोन दिवस घरी येतात. आई करेल ते बरोबर, असं त्याने तिला माझ्यासमोर सांगितलं. एवढं एक पोर तरी मी नीट वाढवलं म्हणायचं.

सोबत पुठ्ठ्याच्या घडीत एक काच आहे. काल सकाळी धुण्याआधी तिचा स्राव कापसाच्या काडीने घेऊन काचेवर पसरला आणि वाळवला. तू लॅबमधली मोठी बाई, रंगवून दुर्बिणीखाली बघ आणि एकही जंतू नाही असं लिहून पाठव. तिची आई सारखी टुमणं लावून बसली आहे की लेकीला माहेरी पाठवा. तुझं पत्र तिच्या तोंडावर मारता येईल. पत्र माझ्याच नावाने घाल. आपल्या आईची पद्धत मी मोडलेली नाही. घरात येणारं पत्र मोठीच्या नावाने येतं आणि जेवणाच्या टेबलावर तीच ते वाचून दाखवते.

तुझ्या मास्तरांचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं खिडकी लावून झोपा. माया आहेच, ती मी वेगळी लिहीत नाही.

तुझी
ताई

१६ जून

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. आमचे मास्तर म्हणाले, ताई आता आजी होणार आणि बाळाचे लंगोटसुद्धा उकळून, मोजून, शिक्का मारून ठेवणार. तू रागावू नकोस, तुझ्याबद्दल बोलताना त्यांना दम लागत नाही एवढंच.

काच नीट पोचली. मी ती स्वतः रंगवली, कोणा पोरीच्या हाती दिली नाही. आता जरा विपरीत लिहिणार आहे, तर शांतपणे वाच. तिथे जंतू नसणं चांगलं नव्हे गं. निरोगी बाईच्या काचेवर भरपूर जांभळ्या काड्या दिसतात. दूध विरजतं ना, त्याच जंतूंची ती भावंडं. त्या आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीचं लटांबर फिरकत नाही. घराला राखणदार असावा तसं. सूनबाईच्या काचेवर मला एकही काडी सापडली नाही. शंभर जागा बघितल्या. सापडले ते दुसरेच, बारीक ठिपक्यांसारखे, पेशींच्या कडेला खच्चून चिकटलेले. म्हणजे राखणदार मेले आणि घर भलत्यांच्या ताब्यात गेलं.

हे भलते वर सरकले तर गर्भाच्या पिशवीला सूज येते, पाणी लवकर जातं, दिवस भरायच्या आत कळा येतात. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. एकाच बाईबद्दल खात्रीने सांगता येत नाही, पण धोका वाढतो हे नक्की, आणि तिचं एकदा तसं झालेलं आहे. जंतुनाशकाला आपला आणि परका कळत नाही, ते सरसकट मारतं. म्हणून आतून धुणं आजपासून बंद कर. तिच्या डॉक्टरीणबाईंना ही काच आणि धुण्याचं दोन्ही सांग. औषध द्यायचं की नाही ते त्या तपासून ठरवतील. आणि हे तिच्या अस्वच्छतेमुळे झालेलं नाही, एवढं तिला माझं नाव घेऊन सांग. बिचारी मनाला लावून घेत असेल.

लहान तोंडी मोठा घास घेतला आहे, पोटात घाल. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
बारकी

२५ जून

चि. बारकीस,
आशीर्वाद.

कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे असं. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुला लॅबच्या शिक्षणाला मी लावलं, आणि आता तू मला जंतू शिकवतेस! तू आयुष्यभर काचेवरचे डाग बघितलेस, मी माणसं बघितली. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? राखणदार जंतू म्हणे. उद्या म्हणशील चोरांनाच किल्ली द्या.

तुझ्या पत्रातून मला हवं ते मात्र कळलं. जंतू सापडले, आणि पुष्कळ सापडले. मी म्हणत होतेच. परवा जेवताना तुझं पत्र वाचून दाखवलं. चिरंजीवही होते. मावशी लिहिते की सूनबाईच्या अंगात परके जंतू खच्चून भरलेत आणि त्याने दिवस भरायच्या आत कळा येतात, एवढं वाचलं. खाली स्वच्छता वाढवा असं माझ्या पदरचं घातलं, कारण तू लिहायला विसरलीस. राखणदार वगैरे गाळलं. अर्धवट डोक्याच्या पोरीला अर्धवट ज्ञान कशाला? तिने पत्र हातात मागितलं, म्हणे मूळ बघू का. मी सांगितलं, दोघी बहिणींचं खाजगी असतं. चिरंजीवाने तिच्याकडे असं बघितलं की तिने ताट तसंच ठेवलं.

आता सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा धुणं चालू केलं आहे. मावशींचं म्हणणं आहे म्हटल्यावर तिने चकार शब्द काढला नाही. तुझ्यावर भारी विश्वास आहे तिचा. डॉक्टरीणबाईकडे मी बरोबर जाते आणि मीच बोलते. घरी काही करता का, असं त्या डॉक्टर पोरीने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, फक्त काळजी घेतो.

पुढच्या पत्रात शहाणपणा कमी आणि मास्तरांची तब्येत जास्त लिही. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं ऐकवते.

तुझी
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस पेन हातात घेत होते आणि ठेवत होते. मास्तर म्हणाले सरळ फोन कर. पण फोन तुझ्या खुर्चीशेजारी. आणि तुझ्या डोक्यावरून तुझ्या सुनेशी बोलायचं, हे आपल्या घरात कधी झालं नाही. म्हणून तुलाच लिहिते.

ताई, मी लिहिलं होतं त्याच्या उलट तू वाचून दाखवलंस. तू मुद्दाम केलं असशील असं मी म्हणत नाही. पण माझं नाव घेतल्यामुळे ती गप्प राहते हे वाचल्यापासून घास उतरत नाही. दोन वेळा धुणं म्हणजे आगीत तेल. पाया पडते, थांबव.

आजवर बोलले नाही ते लिहून टाकते. माझी दोन गेली, एक साडेपाच महिन्यांचं, एक सातव्याला. दोन्ही वेळा तू मला घरी आणलंस आणि असंच धुतलंस. तो डबा, ती नळी, ते पिवळट पाणी मला अजून दिसतं. तेव्हा कुणालाच फारसं माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं, मी तुला दोष देत नाही. त्यामुळेच गेली असंही छातीठोक म्हणता येणार नाही. पण सूनबाईची काच बघताना मला माझीच काच बघतेय असं वाटलं. त्या दिवशी मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथल्या पोरींना सांगितलं की रंगाचा थेंब डोळ्यात गेला.

सोबत सूनबाईसाठी एक छोटी चिठ्ठी याच पाकिटात घातली आहे. तीनच वाक्यं आहेत. धुणं थांबव, काचेवर काय दिसलं ते डॉक्टरांना सांग, आणि पोट कडक झालं किंवा पाणी आलं तर क्षणही न दवडता दवाखाना गाठ. तू आधी वाच आणि मगच दे. तुझ्या हातूनच तिला मिळावी असं मला वाटतं.

चुकलं असेल तर धाकटी म्हणून माफ कर, पण एवढं माझं ऐक.

तुझी
बारकी

२० जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद.

पत्र आणि चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी योग्य वेळी देईन.

तुझी दोन गेली तेव्हा मी नसते तर तूही गेली असतीस. तापाने फणफणत होतीस, चार रात्री मी उशाशी बसले. आभार मानायचे सोडून वीस वर्षांनी मेलेली पोरं माझ्या दारात आणून टाकतेस? मूल टिकवणं प्रत्येकीला जमत नाही. तुला नाही जमलं, ठीक आहे, आम्ही कधी बोलून दाखवलं का? दुसरीचं टिकतंय तर टिकू दे.

इकडे सगळं ठीक. पोट चांगलं दिसतं. मास्तरांना वाफारा दे.

ताई

८ सप्टेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी सूनबाईंना कळा आल्या. सत्तावीस आठवडे पुरे झाले होते. आदल्या दिवसापासून पोट कडक होतंय म्हणत होती. मी म्हटलं, गॅस असेल, पडून राहा. मला वाटलं पहिलटकरणीसारखे नखरे. दुपारी मुलगा झाला. नऊशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवला होता. नाक आपल्या बाबांसारखं, मी बघितलं. शनिवारी मध्यरात्रीच्या आत गेला.

मी रडले नाही. कोणीतरी उभं राहायला लागतं. चिरंजीव आला तो नुसता भिंतीला टेकून बसला. डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन विचारलं की संसर्गाची लक्षणं आहेत, घरी काही वापरत होतात का. कुणीतरी कान भरले असणार. मी तुझं पत्र पर्समध्ये ठेवलं होतं, त्यातली तुझी ओळ तिला वाचून दाखवली: एकाच बाईबद्दल खात्रीने सांगता येत नाही. माझी सख्खी बहीण मोठ्या लॅबमध्ये तीस वर्षं आहे, असंही सांगितलं. मग तिने विषय सोडला आणि कागद आवरले. तुझ्या शहाणपणाचा हा एवढा उपयोग झाला, त्याबद्दल तुझे आभार.

चिठ्ठी दिली नाही. गरोदर बाईच्या हातात असली भीतीची कागदपत्रं देत नसतात, एवढं तुला कळायला हवं होतं. आता तर द्यायचा प्रश्नच नाही.

चिरंजीवाला मी स्पष्ट सांगितलं की हिच्या अंगातच खोट आहे. दोन खेपा झाल्या, तिसरीची तयारी आत्तापासून करावी लागेल. बारा ऑक्टोबरला तो चार दिवस घरी येतोय, त्याच्यासमोर ठरवून टाकू आणि दुसऱ्या दिवसापासून धुणं सुरू करू. या वेळी दिवस राहायच्या आधीपासून. तिची आई आली होती, न्यायला. मी दारातूनच परत पाठवली.

 सूनबाईला दूध आलंय, छाती बांधून ठेवली आहे. तिला म्हटलं, रडून घे एकदाची, तर माझ्याकडे नुसतं बघत राहिली. उर्मट आहे.

तुझी
ताई

२९ सप्टेंबर

ती. मावशींना,
तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही, हे मला माहीत आहे. छापखान्यातल्या माझ्या टेबलावर बसून लिहिते.

काल आई बाजारात गेल्या होत्या. कपाटात तो नळीचा डबा दिसला, तो फेकून द्यायला उचलला तर खाली स्टीलच्या ट्रेमध्ये तुमची दोन्ही पत्रं आणि माझी चिठ्ठी होती. घडीही न मोडलेली चिठ्ठी. मी सगळं तीनदा वाचलं. आमच्या कामात तीनदाच वाचतात.

छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवतो. वाचणाऱ्याने ओळ गाळली तर लगेच कळतं, कारण कागद दुसऱ्याच्या हातात असतो. आई तुमचं पत्र वाचत होत्या तेव्हा माझ्या हातात कागद नव्हता. तीन पानं त्यांनी एका पानाच्या वेळात वाचली, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. पण मावशी म्हणतात ना, असं म्हणून मी गप्प बसले. मी दोन वेळा पाय वर करून पडून राहायचे ते तुमच्या नावावर. आग व्हायची तेव्हा मनात म्हणायचे, मावशी लॅबमध्ये आहेत, त्यांना कळतं.

तुमच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पोट कडक झालं तर दवाखाना गाठ. माझं पोट गुरुवारी दुपारी कडक झालं. मी दवाखान्यात शुक्रवारी गेले. माझा मुलगा सगळा मिळून पस्तीस तास जगला. तुम्ही हळव्या आहात हे तुमच्या पत्रांतून कळलं. तुम्ही माझ्यासाठी रडलात, घास उतरला नाही, तेही वाचलं. त्याचं मी काय करू, मावशी? तुम्हाला माझा पत्ता माहीत नव्हता असं नाही. हेच घर, हीच गल्ली, पाकिटावर फक्त नाव बदलायचं होतं. त्यांनी तुमचं उलटं वाचून दाखवलं, हे त्यांनीच तुम्हाला जूनमध्ये कळवलं असणार, कारण जुलैच्या पत्रात तुम्ही तसं लिहिलं आहे. म्हणजे दोन महिने तुम्हाला माहीत होतं. आईंना तरी आपण बरोबर आहोत असं वाटत होतं.

रागावून झालं. आता काम सांगते. तुमच्या भाच्याला वाटतं की माझ्या अंगात खोट आहे. मी पत्रं दाखवली तर आई म्हणतील की खात्रीने सांगता येत नाही असं त्यातच लिहिलंय, आणि ते त्यांचं ऐकतील. म्हणून मला तुमच्याकडून नव्या कागदावर पाच ओळी हव्या आहेत. काचेवर काय दिसलं, काय दिसलं नाही, काय थांबवायला सांगितलं होतं, कोणत्या तारखेला, कुणाला. खाली तुमची सही. वरती तुमच्या भाच्याचं नाव घाला. मला त्यांना सोडायचं नाही. आईपासून वेगळं काही त्यांनी आजवर ऐकलेलंच नाही, तुमचं ऐकतील. बारा ऑक्टोबरला ते घरी येताहेत. तोवर पत्र मिळालं तर मी त्यांच्याबरोबर पुलाजवळच्या क्वार्टरमध्ये राहायला जाईन. नाही मिळालं तर तेराला सकाळी सहाला डबा खुंटीवर लागेल. माझ्यात आता भिंतीकडे तोंड करायचीही ताकद नाही.

पत्र घरी पाठवू नका. छापखान्याच्या पत्त्यावर, माझ्या नावाने पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे. आईंना यातलं काही कळवू नका, एवढीच विनंती. बाकी लोभाचं मी काही मागत नाही.

भाचेसून

५ ऑक्टोबर

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

बाळाचं कळल्यापासून तुला चार ओळी लिहायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता. तुझ्यावर काय प्रसंग आला असेल ते मीच जाणते. मास्तरांना आता बरं आहे, वाफाऱ्याचा गुण आला. लॅबमध्ये नवी दुर्बीण आली आहे, पण मला जुनीच बरी वाटते. तिच्यावर माझा हात बसलेला आहे.

एक गोष्ट मनाला टोचते आहे. सूनबाईचं मला पत्र आलं आहे, छापखान्यातून टाकलेलं. फार कडक लिहिलंय, पण दुःखात माणूस बोलतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिला माझ्याकडून काचेबद्दल पाच ओळी हव्या आहेत, चिरंजीवाच्या नावाने, बाराच्या आत. मी लिहूनही ठेवल्या आहेत. खरं तेच लिहिलं आहे, आणि सहीसुद्धा केली आहे. मास्तर म्हणाले आत्ताच्या आत्ता पेटीत टाकून ये. मी चप्पल घालून दारापर्यंत गेलेसुद्धा. मग वाटलं, तुझ्या मुलाला तुझ्या पाठीमागे असं काही पाठवायचं म्हणजे फार झालं. उद्या तुला कळलं तर तू काय म्हणशील? नऊ वर्षांची असल्यापासून तुला न विचारता मी काही केलेलं नाही.

तिने कळवू नका असं लिहिलंय, तरी तिचं पत्र सोबत ठेवते, तू वाच. पत्ता मागच्या बाजूला आहे. ती म्हणते ते अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, ताई. तू शांतपणे विचार कर आणि ते पत्र पाठवू की नको ते कळव. टपालाला हल्ली पाचसहा दिवस लागतात. तुझं उत्तर येईपर्यंत मी तिला काही लिहीत नाही.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझीच
बारकी